लाल इशाऱ्याच्या दिवशी पाहुणा

कॅलिफोर्नियात आगीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट दिवस दिसायला सगळ्यात चांगला असतो. आभाळ धुतल्यासारखं निळं, धुराचं नाव नाही, डोंगर हात लावता येईल इतके जवळ आलेले. फक्त वारा असतो. हा वारा समुद्राकडून येत नाही, आतल्या कोरड्या मुलखातून डोंगर उतरून येतो आणि येताना हवेतला सगळा ओलावा पिऊन येतो. ओठ फुटतात, नाक आतून सोलवटतं, गाडीच्या दाराला हात लावला की झटका बसतो. अशा दिवशी तिथलं हवामान खातं लाल इशारा देतं. आग कुठेच लागलेली नसते. लागली तर आवरणार नाही, एवढंच सांगणं असतं. म्हातारे, आजारी, जनावरंवाले, ज्यांना आवरायला वेळ लागतो, त्यांनी आग लागण्याची वाट न बघता निघायचं अशी तिथली रीत आहे.

ही रीत मला कुणी सांगितली नाही असं मी म्हणू शकत नाही. सांगितली होती. इचलकरंजीला परत आल्यापासून जो भेटतो तो अमेरिकेत काय पाहिलं विचारतो, आणि मी मोठा पूल आणि मोठी दुकानं सांगून वेळ मारून नेतो. खरं सांगण्यासारखं एका दिवसाचंच आहे. ते लिहूनच सांगितलेलं बरं.

फ्रीमाँट

माझा मुलगा अनिकेत फ्रीमाँटला असतो. भिंतीला भिंत लागून बांधलेली घरं, खाली गाडी, वर माणसं. सकाळी सगळी गल्ली गाड्या काढून ऑफिसला जाते आणि दिवसभर कुत्रं भुंकल्याचाही आवाज येत नाही. मी जुन्या यंत्रमागांचा व्यापारी. सोळाव्या वर्षी कांड्यांवर सूत भरायला लागलो, पुढे मोडके माग विकत घेऊन, दुरुस्त करून विकायला लागलो, आणि चार माणसांत बसण्याजोगा झालो तो कुणाच्या शिफारशीने नाही. आवाजात वाढलेल्या माणसाला ती शांतता दोन आठवड्यांत खायला उठली.

माझी थोरली बहीण, आक्का, फ्रीमाँटहून तीन-साडेतीन तासांवर सिएरा पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांत राहते. तिची मुलगी स्वाती आणि जावई घरून काम करता येतं म्हणून पाइनच्या झाडांत घर घेऊन राहिलेत. आक्का आणि दाजी त्यांच्याकडेच कायमचे आलेत. आक्काची फुप्फुसं आता पुरत नाहीत. नाकाला नळी लावून दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनवर असते. तिला भेटायचं होतं. अडचण दाजींची होती.

ते सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी पुण्यात स्वातीचं लग्न झालं. मामा म्हणून तिला बोहल्यावर मी आणलं. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती बसायच्या होत्या, आणि दाजी आमच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "बाळू, तुझं आवरलं असेल तर खोली मोकळी करून दे. मुलाकडचे दोघं-तिघं आलेत." माझी बायको समोर होती, दोन चुलतभाऊ होते. मी बॅग उचलली आणि न जेवता इचलकरंजीला आलो. दाजी पाटबंधारे खात्यातले मोठे इंजिनिअर. भंगारातून वर आलेला मेहुणा त्यांना कायम जरा कमीच वाटत आला, अशी माझी समजूत होती आणि त्या दिवशी ती पक्की झाली. पाच वर्षं मी फक्त आक्काशी फोनवर बोललो. दाजींनी फोन घेतला की ठेवून द्यायचो.

जायच्या आदल्या संध्याकाळी अनिकेत ऑफिसातून आला तो जरा चाचरतच म्हणाला, "बाबा, उद्या तिकडे रेड फ्लॅग आहे, आगीचा इशारा. स्वातीताई म्हणते तुम्ही येऊ नका, आम्हीच सकाळी लवकर निघून तुमच्याकडे येतो. आत्याला तिथे ठेवायचंच नाहीये त्यांना उद्या."

आज लिहिताना यात वावगं काहीच दिसत नाही. त्या वेळी मला एकच ऐकू आलं, की येऊ नका. मी म्हणालो, हे दाजींचं डोकं आहे. तेव्हा खोलीतून काढलं, आता घरात येऊ देत नाहीत. वारा सुटला म्हणून कुणी घर सोडतं का? बरंच काही बोललो. शेवटी म्हणालो, जायचं तर उद्याच, नाहीतर परतीचं तिकीट काढ. अनिकेत बाहेर जाऊन स्वातीशी फोनवर बोलला. आत येऊन म्हणाला, "या म्हणतायत."

डोंगराकडे

सकाळी सातला निघालो. सपाटी सोडून रस्ता चढायला लागला तशी टेकड्यांवरच्या गवताचा रंग बदलत गेला. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर असेच पिवळे पडतात, कुणीतरी काडी लावतं, संध्याकाळभर वणवा दिसतो आणि आपण गच्चीवरून बघतो. कारण वणवा डोंगरावर आणि घरं खाली. इथे घरंच डोंगरावर, गवतात, झाडांत, लाकडाची. हा फरक मी मनात नोंदवला, पुढे काही केलं नाही.

वाटेत एका फळवालीची टपरी लागली. पेअरची पेटी होती. अमेरिकेत भाव करत नाहीत असं अनिकेत पहिल्या दिवसापासून सांगत होता, म्हणून मी मुद्दाम निम्म्याने मागितली. बाईने वर बघितलंसुद्धा नाही, पेटी उचलून डिकीत ठेवली आणि ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला लागली. मी अनिकेतला म्हणालो, बघितलंस? तो म्हणाला, "बाबा, तिला घरी जायचंय." पस्तीस वर्षं धंदा केलेल्या माणसाने एवढं तरी ओळखायला हवं होतं, की समोरचा पहिल्या बोलीला माल देतो तेव्हा त्याला मालापेक्षा काहीतरी मोठं दिसत असतं.

गावाच्या तोंडाशी आगीचा धोका दाखवणारा अर्धगोल फलक होता, हिरव्यापासून लालपर्यंत रंगवलेला. काटा लालच्या पार शेवटी टेकला होता. समोरून गाड्या येत होत्या, काहींच्या मागे घोड्यांचे डबे जोडलेले. वर जाणारे आम्हीच.

घर

अनिकेतने गाडी अंगणाच्या कडेला गवतावर लावली तशी स्वाती आतून धावत आली आणि ओरडली, "गवतावर नको, आधी काढ तिथून." गाडीचा खालचा भाग तापलेला असतो, वाळल्या गवताला तेवढा पुरतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की पाच वर्षांनी मामा दारात आलाय आणि भाची आधी गाडीवरून बोलतेय.

दारात आक्का उभी होती. नाकाला नळी, नळीचं टोक आत मशीनकडे गेलेलं. फोनवर कळलं नव्हतं ती किती वाळलीय. तिने ताट घेतलं होतं, मला ओवाळायला. निरांजनात वात नव्हती. बॅटरीवर मिणमिणणारी प्लॅस्टिकची ज्योत होती. ऑक्सिजन असलेल्या घरात काडी ओढत नाहीत, आणि त्या दिवशी तर कुणीच ओढत नव्हतं. आक्काने मन लावून ओवाळलं. तिच्या मागे दाजी होते. केस पार पांढरे झालेले. "या बाळासाहेब," म्हणाले. पूर्वी बाळू म्हणायचे. मी मान हलवली आणि सोफ्यावर जाऊन बसलो.

अकराच्या सुमाराला फाटकाशी एक पिकअप थांबली. शेजारीण डोना, सत्तरीची, मागे दोन घोड्यांचा डबा. स्वाती बाहेर गेली. दोघींचं बोलणं खिडकीतून दिसत होतं. स्वातीने माझ्याकडे हात करून काही सांगितलं, डोनाने माझ्याकडे पाहिलं आणि एक वाक्य बोलून निघून गेली. काय म्हणाली म्हणून मी विचारलं. स्वाती टाळत होती, मी धरून बसलो तेव्हा म्हणाली, "म्हणाली, पाहुण्यांना गाडीत बसूनही जेवता येतं." मी म्हणालो, शेजार चांगला मिळालाय.

सव्वाअकराला वीज गेली. वारा असला की वीज कंपनी स्वतःच वीज बंद करते, तारा तुटून ठिणगी पडू नये म्हणून. घरातली घरघर थांबली, आणि ती थांबल्यावर कळलं की ती आक्काच्या मशीनची होती. दाजी उठले. घाई न करता, पण एकही पाऊल वाया न घालवता, त्यांनी आक्काची नळी काढून पिशवीएवढ्या एका लहान मशीनला लावली. ते बॅटरीवर चालतं. बॅटऱ्या दोन, मिळून सहा-साडेसहा तासांच्या. गाडीत चार्ज करायची वायर जावयांच्या गाडीत राहिलेली, जावई कामासाठी टेक्सासला आणि गाडी विमानतळावर. हे सगळं दाजी अनिकेतला हळू आवाजात सांगत होते. मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

चूल विजेची. म्हणजे पहाटे केलेल्या पुरणपोळ्या थंडच वाढणार. मी म्हणालो, बाहेर अंगणात छोटा गॅस लावा, एवढं काय. स्वाती म्हणाली, "मामा, आज बाहेर काही पेटवत नाहीत." मी गप्प बसलो, पण माझं गप्प बसणं सगळ्यांना ऐकू येतं. ताटं मांडली. अनिकेत जेवताना सारखा फोन बघत होता. मी सांगितलं, ताटावर बसल्यावर फोन खाली. त्याने उलटा करून ठेवला. त्या फोनवर दर दहा मिनिटांनी त्याच डोंगराची खबर येत होती.

जेवण रेंगाळलं. आक्का घासागणिक थांबायची, श्वास घ्यायची आणि आग्रह करायची. आईचं बोलणं निघालं, आमच्या जुन्या भाड्याच्या खोलीचं निघालं. दाजींनी दोनदा घड्याळाकडे बघितलेलं मी पाहिलं आणि मनात म्हणालो, बघा, मी उठायची वाट बघतायत. मग तर मी आणखी एक पोळी घेतली.

आक्कासाठी आणलेलं लुगडं अनिकेतच्या गाडीत राहिलं होतं, ते आणायला बाहेर आलो. वाऱ्याने दार हातातून सुटलं. स्वातीची गाडी दारासमोर उभी होती, तोंड रस्त्याकडे. सहज आत डोकावलो. मागच्या सीटवर उशी ठेवून जागा केलेली. डिकीत बॅगा, औषधांचा डबा, पाण्याच्या बाटल्या, मास्क, कागदपत्रांची फाइल, देव्हाऱ्यातले देव एका टॉवेलात गुंडाळलेले. गाडीच्या काचेवर पाइनच्या सुया पडून थर साचला होता. ती गाडी आत्ता भरलेली नव्हती, सकाळपासून भरून उभी होती.

माल गाडीत भरून बसलेला व्यापारी मी पुष्कळदा पाहिलाय. तो वाटाघाट करत नसतो. तो फक्त तुमच्या जाण्याची वाट बघत असतो. पण ही माणसं माझ्या जाण्याची वाट बघत नव्हती. माझ्यासाठी त्यांनी स्वतःचं जाणं थांबवलं होतं.

स्वाती मागून आली होती. मी विचारलं, "कधी निघणार होता?"

"साडेसातला."

"मग?"

"तुम्ही येताय म्हटल्यावर आई म्हणाली, भाऊ पाच वर्षांनी येतोय, जेवल्याशिवाय उठवायचा नाही."

मी आत गेलो. आक्काच्या हातात वाटी होती, तुपाची. मी म्हणालो, "आक्का, ऊठ."

"अरे, अजून भात नाही झाला."

"भात नको. ऊठ."

"असं ताटावरून उठू नये, बाळू. एकदा उठलास, आता पुन्हा नको." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात मी बाजारात, कोर्टात, घरात सगळ्यांवर ओरडलोय, आक्कावर कधी नाही. त्या दिवशी ओरडलो. तिच्या हातातली वाटी काढून घेतली, तिला खांद्याला धरून उभी केली आणि मशीनची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. दाजी तोवर दारात चपला घालून उभे होते.

रस्ता

सव्वाला निघालो. स्वाती गाडी चालवत होती, मागे मी आणि आक्का. पुढच्या गाडीत अनिकेत आणि दाजी. खालचं मोठं गाव चाळीस मिनिटांवर. पहिली वीस मिनिटं रस्ता मोकळा होता आणि मला वाटायला लागलं, उगाच आक्काला ताटावरून उठवलं. मग स्वाती आरशात बघून म्हणाली, "मामा, मागे बघू नका, आईलाही बघू देऊ नका."

मी बघितलं. पलीकडच्या डोंगरधारेमागून धुराचा खांब उठला होता. वर गेला नाही, वाऱ्याने आडवा पडला आणि आमच्याच दिशेने यायला लागला. दहा मिनिटांत निळं आभाळ तपकिरी झालं. गाडीतले सगळे फोन एकदम किंचाळले. आता इशारा राहिला नव्हता, घर सोडायचा हुकूम आला होता, सगळ्या डोंगराला. प्रत्येक घरातून एक गाडी आणि सगळ्यांना एकच रस्ता.

गाड्या उभ्या राहिल्या. स्वातीने काचा बंद केल्या, बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून बटण फिरवलं, दिवे लावले. दुपारचे दोन आणि समोरच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. काचेवर राख पडत होती, मऊ, आवाज न करता. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी उलट्या बाजूने घुसलं नाही. एरवी मी खाली उतरून रस्ता मोकळा करायला गेलो असतो. इथे भांडायला कुणी नव्हतं. तासाभरात अर्धा मैल.

आक्काच्या मशीनवर चार हिरवे दिवे असतात. अडीचला शेवटचा लाल झाला आणि मी दुसरी बॅटरी घातली. स्वातीने बोलून शिकवलं, हात माझे. जुनी मशिनं आयुष्यभर हाताळली, तरी बॅटरी नीट बसली का ते दोनदा दाबून बघितलं. आक्का बोलायचं नाही म्हणून सांगितलं तरी म्हणाली, "तुझं पोट भरलं का रे?" दिवे मोजत बसलो. चार. मग तीन. चारला दोन. मनात हिशेब चालूच होता, आणि हा हिशेब असा होता की ज्यात मी सकाळपासून जे जे मागून घेतलं ते आक्काच्या श्वासातून वजा झालं होतं. रुसवा, ओवाळणं, गप्पा, ती शेवटची पोळी.

शाळेचं सभागृह

पाचला दहा मिनिटं असताना खालच्या गावातल्या शाळेत पोचलो. मशीनवर एक दिवा होता. सभागृहात खाटा मांडल्या होत्या, कुत्री, मांजरांचे पिंजरे, शांत बसलेली म्हातारी माणसं. भिंतीतल्या प्रत्येक प्लगला कुणाचा ना कुणाचा फोन. मी आक्काला धरून पहिल्या प्लगपाशी गेलो. तिथे एक दांडगा माणूस बसला होता. काय द्यायचं, किती ओरडायचं, सगळं मनात तयार होतं. त्याने नळी पाहिली, स्वतःचा फोन काढला, शेजारच्या दोघांचेही काढले आणि खाट भिंतीला सरकवून दिली. मला तोंड उघडावं लागलं नाही.

मशीन सुरू झालं. आक्का आडवी झाली. अर्ध्या तासाने तिच्या ओठांचा रंग परत आला तेव्हा दाजी तिच्या पायथ्याशी खाली बसले, मीही बसलो. कुणीतरी कागदाच्या वाट्यांतून सूप आणून दिलं. दोघं एका भिंतीला टेकून प्यालो. मी म्हणालो, "साडेसातला निघायचं होतं तर मला सांगायचं होतंत दाजी. हात धरून उठवायचं होतंत."

दाजींनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "इतर कुणालाही सांगितलं असतं." आणि उठून तिच्या अंगावरची चादर नीट करायला गेले.

परत

पाचव्या दिवशी वर जाऊ दिलं. आमच्या बाजूचा डोंगर वाचला होता. पलीकडचा काळा पडला होता, मध्येच एखादं विटांचं धुराडं उभं, भोवती घर नाही. डोना घोडे घेऊन परतली होती. मी पेअरची पेटी तिच्या दारात नेऊन ठेवली. आभार की माफी, काय म्हणून दिली ते मलाही धड सांगता आलं नसतं. तिने एक फळ घोड्याला दिलं.

फ्रिज पाच दिवस बंद होता. स्वातीने सांगितलं, मामा, तेवढा रिकामा करून द्या. दार उघडायला गेलो तर दारावर एक कागद चिकटवलेला. लाल इशाऱ्याच्या दिवशी काय करायचं त्याची यादी, स्वातीच्या अक्षरात. आदल्या रात्री सगळ्या बॅटऱ्या चार्ज. गाडीचं तोंड रस्त्याकडे. अंगणातल्या खुर्च्या, पायपुसणी, लाकडं आत. खिडक्या बंद. शेजाऱ्यांना फोन. साडेसातला आई-बाबा गाडीत. या ओळीवर काट मारली होती. खाली पेन्सिलने, नकाशावर लिहितात तशा सरळ, सुट्या अक्षरांत दाजींनी लिहिलं होतं:

"बाळू येणार. त्याला कुणीही निघ म्हणायचं नाही. तो स्वतः उठेपर्यंत थांबायचं."

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. पुण्यातल्या त्या दिवसाबद्दल दाजींनी माझी कधी माफी मागितली नाही, पुढेही मागतील असं वाटत नाही. त्यांनी ती एका कागदावर भरली होती, स्वतःच्या बायकोचा जीव तारण ठेवून, आणि ते तारण घ्यायला मीच जाऊन बसलो होतो.

स्वातीकडून पेन मागून घेतलं. दाजींची ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, "कुणासाठीही थांबायचं नाही. मी आलो असलो तरी." खाली सही केली, पूर्ण नावाची, तारखेसकट. दाजी मागे येऊन उभे होते. त्यांनी चष्मा लावून वाचलं, कागद जरा वाकडा झाला होता तो सरळ केला, आणि चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली.